विद्यापीठ परिसरातला कचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला परिसर शहरापासून लांब आहे. फाटकाबाहेर एका बाजूला कापसाची आणि तुरीची वावरं, दुसऱ्या बाजूला नाला, नाल्यापलीकडे गाव. घंटागाडी इथवर येत नाही. त्यामुळे शहरातल्या कॉलेजात कुणाला पडत नाहीत असे प्रश्न आपल्याला पडतात. दर जुलैत नवी मुलं येतात आणि तेच प्रश्न नव्याने विचारतात. विचारलेच पाहिजेत. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघताना मी जी उत्तरं देत आले, ती इथे लिहिली आहेत.

घंटागाडीच येत नाही, तर आपला कचरा जातो कुठे?

आपण तो वेगळा केला नाही, तर शेजाऱ्याच्या वावरात जातो. पूर्वी सगळा कचरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून मागच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठी टाकला जायचा. उन्हाळाभर ढीग वाढायचा. मृगाचा मोठा पाऊस झाला की नाला पन्न्या उचलायचा आणि खालच्या अंगाच्या शेतांमध्ये धुऱ्याला, म्हणजे बांधाला, नेऊन अडकवायचा. एका पावसाळ्यात गावातले एक काका थेट विभागात आले. हातात चिखलाने माखलेला गोळा. मी आधी समजले मुळ्या आहेत. त्या पन्न्या होत्या, पाच-सात एकात एक पीळ पडलेल्या, त्यात आपल्या कँटीनच्या दुधाची पिशवी ओळखू येत होती. काका एवढंच म्हणाले, "मॅडम, डवऱ्याले तुमच्याच पन्न्या गुंडायते." डवरा म्हणजे पिकातलं तण काढायचं औत. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

काळ्या मातीत पन्नी कुजत नाही, तिचे फक्त तुकडे होतात. तिच्यावर पाणी थांबतं आणि मूळ तिला वळसा घालून जातं. आपण ज्याला 'फेकून देणं' म्हणतो, ते इथे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नेऊन टाकणं असतं.

कुठल्या डब्यात काय टाकायचं?

हिरव्यात ओला: उष्टं, भाजीची देठं, फळांची सालं, चहापत्ती, फुलं. निळ्यात सुका: कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, काच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात. आणि चौथा डबा जपून हाताळायच्या वस्तूंचा: ट्यूबलाइट, ब्लेड, सुया, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे.

कचरा निर्माण करणाऱ्यानेच तो वेगळा करून द्यायचा, हे घनकचरा व्यवस्थापन नियमांनी २०१६ सालीच बंधनकारक केलं. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठं आवार असलेल्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हेही त्यातच होतं. म्हणजे हे काही कुणा प्राध्यापकाच्या हौसेखातर चाललेलं काम नाही.

आम्ही वेगळा करतो, पण पुढे सगळा एकत्रच होतो. मग उपयोग काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तक्रार पूर्णपणे खोटी नाही. असं घडलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी एकच माणूस कामावर असतो, हातगाडी एकच असते, तेव्हा दोन्ही डबे एकात रिकामे झालेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यावर उपाय म्हणून हातगाडीत मधोमध पत्र्याचा पडदा बसवून घेतला. तरीही कुठे एकत्र होताना दिसलं तर वसतिगृहाच्या नोंदवहीत तारीख-वेळ लिहा. सफाईच्या मावशींवर ओरडू नका.

आता याची दुसरी बाजू. सुक्या डब्यात अर्धा कप वरण सांडलं की खालचा सगळा कागद गेला. ओला झालेला, तेल लागलेला कागद कबाडी हातात धरत नाही. शंभर जणांनी नीट टाकलं आणि पाच जणांनी नाही, तर फुकट जाते ती शंभरांची मेहनत. आणि मग तो डबा निवडायला कुणीतरी हात घालतं. आमच्या एका मावशींच्या तळव्यावर अजून वण आहे. फुटलेली काच उष्ट्या भातात होती, दिसली नाही. त्या म्हणाल्या होत्या, "पोरायले सांगा, काच फुटली तं कागदात गुंडाळून वरतून लाल पेनानं लिवा. आमाले वाचता येते." तेव्हापासून आपल्याकडे हाच नियम आहे: काच, ब्लेड, सुई कागदात गुंडाळायची आणि वर लाल अक्षरात लिहायचं.

कबाडी काय घेतो आणि काय घेत नाही?

घेतो: वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठ्याची खोकी, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, तांब्याची तार, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-फिनाइलचे कडक डबे, तुटलेल्या बादल्या. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २ आणि ५ म्हणजे डबे-झाकणांचं. या तिघांना गिऱ्हाईक आहे. ॲल्युमिनियमला तर नेहमीच भाव असतो, कारण खनिजापासून नवीन धातू काढण्यापेक्षा जुना वितळवून घ्यायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

घेत नाही: चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, कागदी कप, तेलकट कागद, शाम्पूच्या पुड्या. पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशाला जोड म्हणून जाळता येतो. भट्टीत १,४०० अंशांच्या वर उष्णता असते आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यात असे कारखाने आहेत. पण तिथवर पोचवायला गाडीभर, कोरडा, दाबून बांधलेला माल लागतो. मूठभर पाकिटांसाठी कुणी गाडी पाठवत नाही. ती आपण वेगळ्या पोत्यात साठवतो. मात्र खरा उपाय पाकीटच कमी घेणं हा आहे. कँटीनमध्ये बरणीतला चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू सुट्टे मिळतात ते त्यासाठीच.

खर्ऱ्याच्या पन्नीचं काय?

हा प्रश्न कुणी लेखी विचारत नाही, म्हणून मीच घेते. परिसर झाडताना सगळ्यात जास्त नग कशाचे निघत असतील, तर खर्ऱ्याच्या पन्न्यांचे. बोटभर पन्नी, आत सुपारी-तंबाखू घोटलेली, वर रबर. एवढी हलकी की झाडूखालून निसटते आणि पाण्याबरोबर थेट गटारात जाते. गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयामागची नाली तुंबली तेव्हा घमेलंभर गाळ काढला. त्यात या पन्न्या आणि रबरं सोडून फार काही नव्हतंच. कबाडी त्या घेत नाही, त्या कुजत नाहीत, गाय चघळते.

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पण आपल्याकडे येणारा खर्रा गावातूनच खिशात येतो. माझं म्हणणं साधं आहे. पोरांनो, तोंडाच्या कर्करोगाचं दुखणं तुमच्या घरादाराला पुरून उरेल, सोडा. सुटत नसेल तर समुपदेशन कक्षात या, तुमचं नाव कुठेही लिहिलं जात नाही.

पानगळीचा ढीग जाळला तर काय बिघडतं? गावात सगळेच जाळतात.

फाल्गुनात कडुनिंबाचं झाड आठवड्याभरात उघडं पडतं, सागाची पानं त्याच्या कितीतरी आधीपासून पडत असतात. झाडून झाडून हात दुखतात, मग काडी लावली की काम संपलं असं वाटतं. पण धूर संध्याकाळी वर जात नाही, खालीच बसतो. मुलींच्या वसतिगृहात दम्याच्या मुली आहेत, त्या रात्री खिडक्या लावून झोपतात, तेही एप्रिलच्या उकाड्यात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. शिवाय वाळलेल्या गवतातून ठिणगी धुऱ्यावर गेली, की कुणाच्या तरी कुटाराचा, म्हणजे गुरांसाठी राखलेल्या भुशाचा, ढीग पेटतो.

आणि आपण जाळतो काय? ज्याची इथल्या जमिनीला सगळ्यात जास्त गरज आहे तेच. पानाचा पहिला उपयोग आच्छादन. नव्या रोपाच्या आळ्यात वीतभर जाडीचा पाला पसरला, तर मे महिन्यात दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं. फक्त बुंध्याला चिकटवू नका, उधई (वाळवी) लागते. उरलेला पाला नाडेप टाक्यात.

नाडेप टाकं म्हणजे नेमकं काय? मैदानामागे आहे तेच का?

हो, भोकाभोकांची विटांची भिंत असलेलं तेच. पुष्कळांना वाटतं की नाडेप हे कुठल्या तरी सरकारी योजनेचं नाव आहे. ते एका माणसाचं नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. आपल्याच विदर्भातल्या एका शेतकऱ्याची ही देणगी देशभर वापरली जाते, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत ९ इंची, वीट लावताना ठरावीक अंतरावर भोकं सोडायची म्हणजे आत हवा खेळते. टाकायचं काय? पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे, तुरीच्या तुराट्यांचे बारीक तुकडे, काडीकचरा मिळून साधारण १,४०० ते १,५०० किलो. त्याला शेण फक्त ९० ते १०० किलो. खरी हुशारी इथे आहे: शेण कमी आणि खत जास्त. बाकी चाळलेली माती १,७५० किलोच्या आसपास, आणि पाणी ऋतुमानाप्रमाणे दीड ते दोन हजार लिटर.

आधी भिंती आतून शेणकाल्याने भिजवून घ्यायच्या. मग सहा इंच पाला, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर मातीचा थर. असे थर टाक्याच्या वर दीड फूट येईपर्यंत, झोपडीच्या छपरासारखे. हे सगळं दोन दिवसांत संपवायचं, रेंगाळायचं नाही. वरून शेणमातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांनी ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. भेगा दिसल्या की पाणी मारायचं. ९० ते १२० दिवसांत खत तयार. उघडल्यावर वास घ्या. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच यायला हवा. सडका वास आला तर आत पाणी जास्त झालं, हवा पोचली नाही.

पऱ्हाट्या आणतो कुठून, हेही विचारतात. वेचणी संपली की आजूबाजूचे शेतकरी त्या उपटून जाळतात. आपण बांधावरून उचलून आणतो आणि तुकडे करून टाक्यात घालतो. तयार खतातली काही पोती त्याच वावरात परत जातात. पन्न्यांचा गोळा घेऊन आलेले ते काका आता दरवर्षी नेतात.

गांडूळखताचे वाफे उन्हाळ्यात बंद का असतात?

बंद नसतात, झाकलेले असतात. लाल गांडुळाला १५ ते ३० अंश मानवतात, पस्तिसाच्या वर गेलं की ते मरायला लागतं, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून वाफे शेडखाली, वर ओला बारदाना, दिवसातून दोनदा पाणी. त्यात आंबट सालं, तिखट-तेलकट भाजी, शिजवलेला भात टाकू नका. ताजा कचराही नाही. आधी दोन आठवडे बाहेर कुजू द्या, कारण कुजताना ढीग तापतो आणि गांडुळं त्या उष्णतेने जातात.

मेसमध्ये एवढं अन्न उरतं, ते जेवणारे वाया घालवतात की बनवणारे?

दोघेही. पण हिशोब एकदा स्वतः करून बघा. एका ताटात ५० ग्रॅम उरलं, म्हणजे दीड घास. जेवणारे ४०० असतील तर एका वेळेला २० किलो. दोन वेळा धरल्या तर महिन्याला १,२०० किलो शिजवलेलं अन्न. ते शिजवायला गॅस गेला, बाईची पहाट गेली, कुणीतरी ते पिकवलं ते वेगळंच.

म्हणून हात धुवायच्या जागी वजनकाटा आहे आणि फळ्यावर रोजचा आकडा लिहिला जातो. कुणाचं नाव लिहीत नाही, दंड करत नाही. नुसता आकडा डोळ्यांसमोर आला की वाढून घेताना हात आवरतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त उरतो तो भात, कारण तो पळीने ढीगभर पडतो. लहान पळी आणली, त्याचा खूप उपयोग झाला. शनिवारी-रविवारी घरी जाणार असाल तर आदल्या रात्री यादीत खूण करा. ती एक खूण कुठल्याही खतापेक्षा मोठी आहे. न शिजलेलं अन्न कुजवावं लागत नाही.

उरलेलं गावातल्या गायींना दिलं तर?

भाजीची पानं, सालं, देठं जरूर द्या. शिजवलेला भात आणि पोळ्या एकदम ढीगभर देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जास्त पिष्ट गेलं तर आम्लता वाढते, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. आणि पन्नीत बांधून तर कधीच नाही. ती गाठ गाय सोडत नाही, पन्नीसकट गिळते.

कागदी कप तर कागदाचेच असतात, त्याला हरकत का?

आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. म्हणून तो धड कागदात जात नाही, धड खतात जात नाही. शिवाय पावसाळ्यात टाकलेल्या कपात चमचाभर पाणी साचलं तरी डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला पुरतं, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. टपरीवर काचेचा ग्लास मागा. विभागात आपला स्टीलचा कप ठेवा.

कार्यालयातल्या कागदाचं काय?

दोन्ही बाजूंना छापा. पाठकोरे कागद वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, कच्च्या टिपणाला तेच वापरा. वर्ध्याजवळ सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजी राहिले. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि लिफाफे उलटवून ते लिहायचे. ती सवय विदर्भाला परकी नाही. जुन्या उत्तरपत्रिका मात्र रद्दीत थेट देता येत नाहीत. मुदत संपल्यावर परीक्षा विभागाच्या देखरेखीखालीच त्यांचे तुकडे होतात आणि मग त्या लगद्यासाठी जातात.

सॅनिटरी पॅडबद्दल कुणाला विचारावं?

मला विचारा, वसतिगृहाच्या ताईंना विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचं, शौचालयात कधीच नाही. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकचा थर असतो, ते पुरलं तरी कुजत नाही. ज्यांना जमेल त्यांनी कापडी पॅड किंवा मासिक पाळीचा कप वापरून बघावा. एक कप नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. कापडी पॅड उन्हातच वाळवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. त्यासाठी गच्चीवर आडोसा करून दोरी बांधली आहे.

बिघडलेले संगणक, चार्जर, बॅटऱ्या?

विभागाचे असतील तर आधी डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे त्यांची नोंद रीतसर काढावी लागते. याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात खोल्या भरून जातात हे खरं आहे. तरी ते कबाड्याला देऊ नका. तार जाळून तांबं काढतात, त्या धुरात विष असतं आणि काढणारा बहुतेक वेळा लहान मुलगा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. तुमचे स्वतःचे चार्जर, इयरफोन, सेल ग्रंथालयाच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका.

प्रयोगशाळेतली रसायनं आणि फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे?

बेसिनमध्ये ओतायचं नाही. नाव आणि तारीख लिहून वेगळं ठेवायचं. घातक कचऱ्यासाठी विदर्भातलं सामायिक प्रक्रिया केंद्र बुटीबोरीला आहे.

कीटकनाशकाच्या डब्यांबाबत मी कळकळीने सांगते. घरी शेती असलेली बरीच मुलं आहेत, घरीही सांगा. औषध संपलं की डबा तीनदा पाण्याने विसळायचा, ते पाणी फवारणी पंपातच टाकायचं, मग डब्याला खिळ्याने भोक पाडायचं म्हणजे कुणी पाण्याला, तेलाला वापरणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीतले होते. धुतलेला डबासुद्धा घरात आणू नये.

स्नेहसंमेलन, युवा महोत्सव, महाप्रसाद अशा वेळी काय करायचं?

थर्माकोलची ताटं महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्या, ग्लास, चमचे, स्ट्रॉ बंद आहेत. तरीही कंत्राटदार आणतो. ठरवतानाच लेखी सांगा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण सांगा. जेवण झाल्यावर त्या थेट टाक्यात जातात आणि पैसा जंगलपट्ट्यातल्या बायकांच्या हातात पडतो. पाहुण्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ नको, खादीचा रुमाल द्या. फ्लेक्सऐवजी कापडी फलक, त्यावर साल लिहू नका म्हणजे पुढच्या वर्षी चालतो.

वानरं डबे उलटवतात, त्याला काय करणार?

झाकणाला आकडी लावायची, आणि दुपारच्या जेवणानंतर लगेच ओला डबा रिकामा करायचा. वानरांना हाताने खाऊ घालू नका. तुमच्या एका पोळीपायी ती दिवसभर वसतिगृहाभोवती बसतात.

परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करताना सामान कुठे ठेवायचं?

शेवटच्या आठवड्यात वसतिगृहाच्या व्हरांड्यात चादरी अंथरलेल्या असतात. बादली, मग, दोरी, टेबललॅम्प, गादी, पुस्तकं, कुलूप, चालू स्थितीतलं सगळं तिथे ठेवा. पुस्तकात एक चिठ्ठी घाला, कुठला धडा नीट वाचावा ते लिहा. जुलैत पहिल्या वर्षाची मुलं येतात, काहींच्या हातात एकच पिशवी असते, एसटीतून थेट उतरलेली. ती आधी त्या चादरींकडे येतात. गेल्या वर्षी एका मुलीने निळी बादली उचलली, आत कुणीतरी कपडे वाळवायचे चिमटे ठेवले होते, बारा, रबर लावून. तिने ते दोनदा मोजले आणि विचारलं, "मॅडम, हे पण घेऊ का?"

घे, म्हटलं.